खुतब्यातलं नाव

मी मळलेली कणीक काकूंनी माझ्यादेखत ट्रॅशमध्ये टाकली.

"घट्ट झाली गं," म्हणाल्या. घट्ट नव्हती. पुऱ्यांची कणीक मला माझ्या आईनं शिकवलीय. जरा आधी काकूंनी गाव विचारलं होतं, मग आडनाव, मग 'म्हणजे तुम्ही कोण?' मी म्हटलं, आम्ही बौद्ध. तेवढंच.

अमेरिकेत, श्रूजबरीतलं काका-काकूंचं घर. ऐंशीचं दशक. मी इतिहासात पीएचडी करत होते. विषय मुसलमानी राज्यांतले सुभेदार, खलिफांनी प्रांतांवर नेमलेल्या वालींपासून आजच्या गव्हर्नरांपर्यंत. त्या दुपारी मराठी मंडळींपुढे त्यावर बोलायला काकांनीच बोलावलं होतं. माझं मराठीतलं पहिलं भाषण. फार हौसेनं तयारी केली होती.

मंडळी बेसमेंटमध्ये जमली होती. काकू तिथं जाऊन काकांच्या कानाला लागल्या. काका वर आले. गोड बोलले.

"तू असं कर, पॉइंट्स मला सांग. मीच प्रेझेंट करतो. आमच्या घराण्यात सुभेदारी होती ना, लोकांना इंटरेस्टिंग वाटेल."

वा! सुभेदारी यांची, अभ्यास माझा. पणजोबांच्या काळी सुभेदाराचा माणूस आमच्याही वस्तीत यायचा की. साहेबाचं ओझं पुढच्या गावी पोचवायला माणसं हाकून न्यायचा. वेठ. फुकट. माझं डोकं तडकलं. तरी जिभेवर जन्माची सवय आली, 'बरं काका.' गिळली.

"मीच बोलणार," म्हटलं आणि जिना उतरले.

मंडळींचा रिवाज असा, की बोलणाऱ्यानं आधी यजमानांचे आभार मानायचे. काका हात जोडून तयारच होते.

"सुभेदार सुलतानाचा नोकर," मी सुरुवात केली. "सुलतान नेमणार, हलवणार, वाटलं तर मान उडवणार. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनात, सुलतानाचं नाव घ्यावंच लागे. बंड करणारा सुभेदार आधी ते नाव गाळायचा. मी नागपूरची. बौद्ध. माझ्या पूर्वजांनी सुभेदारांची ओझी वाहिली. आज मी त्या सुभेदारांवर बोलणार आहे."

आभार मानले नाहीत. काकांचे जोडलेले हात हळूच सुटले. मी शेवटपर्यंत बोलले. टाळ्या पडल्या नाहीत. उपाशीच बाहेर पडले.

ज्या घरात माझ्या हातची कणीक चालत नाही, त्या घरधन्याचं नाव माझ्या तोंडी येणार नाही. तेव्हा गाळलं, ते गाळलं.