टोपीकाकांचा खोकला

प्रयोगशाळेत त्यांना सगळे टोपीकाका म्हणत. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, केस बाजूला सारून एकेका तारेखाली जेल भरायचं, की मेंदूतल्या विजेच्या लाटा पडद्यावर उमटायच्या. एकवीस वर्षं हेच काम. हात इतका हलका की टोपी चढता चढता म्हाताऱ्या पेंगायच्या.

प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमचा अभ्यास आठवणीचा. सत्तरीपुढच्या माणसांना चित्रं दाखवायची. आधी पाहिलेलं चित्र आलं की त्यांनी बटण दाबायचं. हुकलं की बिचारी कसनुशी हसायची. काकांना ते बघवेना. मग आधीचं चित्र आलं की ते पार्टिशनमागून हळूच खोकायचे, की अंगठा बटणावर. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय, असं ते स्वतःला समजावायचे. तीन वर्षं समजावत होते.

आणि एका सकाळी मॅडम हरखून आल्या. "काका, बटण दाबायच्या आधी दरवेळी आवाज ऐकल्यावर उठते तशी लाट उठते. मेंदू आतल्या आत चित्राचं नाव उच्चारत असणार. पुढच्या आठवड्यात परिषदेत मांडतेय. खोलीत कसला आवाज नसतो ना?"

काकांनी जेलची बाटली पुसायला घेतली. "छे, नसतो," ते म्हणाले. जीभ कशी धजली, देव जाणे.

त्या दिवशी मॅडम स्वतः बघायला बसल्या. खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका, दुसऱ्यांदा आलेल्या. काकांनी ओठ घट्ट मिटले. आधी पाहिलेली किटली आली, गेली. छत्री आली, गेली. बाईंचा अंगठा जागचा हलेना. शेवटी त्या मागे वळून म्हणाल्या, "ते खोकणारे भाऊ आज नाहीत का?"

मॅडमनी काकांकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं काकांना झालं.

"तो मीच," ते कसेबसे म्हणाले. "ती लाट माझ्या खोकल्याची आहे, मॅडम. मघाशी खोटं बोललो."

मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि त्या बाहेर गेल्या. काका टोपी काढायला पुढे झाले. आज केस ओढले जात होते.

"मागच्या वेळी माझी सगळी बरोबर आली होती हो," बाई पुटपुटल्या. "म्हणून तर लेकीला म्हटलं, डॉक्टरकडे कशाला जायचं, मला सगळं आठवतंय."

काकांनी टोपी मांडीवर घेतली. बाईंकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

"लेकीचा नंबर द्या, बाई," ते म्हणाले. "मी सांगतो तिला."

बाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं.