गाऱ्हाण्यात साहेबही सामील!

मंडळी, आज सूड उगवला. जराही पस्तावा नाही.

शेजारचं विद्यापीठ आमच्या वाडीच्या डोक्यावरचा कातळ फोडून वसतिगृह बांधणार. खालचा झरा आटेल, निदान आराखडा तरी दाखवा म्हटलं, तर तिथले साहेब म्हणाले, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

आज भूमिपूजनाला गाऱ्हाणं घालायला मात्र गावचे मानकरी, म्हणजे माझे काकाच हवे होते! काकांनी नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, जो कोन गावाला न इचारता हितं कुदळ मारील, त्याच्या डोळ्याला डोळा लागू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी गरजली. सवयीने हात जोडून साहेबही गरजले.

मग मीच अदबीने कुदळ पुढे केली. साहेबांनी हात मागे घेतला.

तुम्ही असतात तर मारली असतीत?