बॅटरीतलं काजळ

पाथर्डीच्या एका कॉलेजात अजिनाथ रसायनाच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. साल शहाण्णव. ते दिवस आठवले की आजही त्याला आधी एरंडेलाचा वास येतो.

जया मॅडम तेव्हा काजळीपासून बॅटरीचे इलेक्ट्रोड करू पाहत होत्या. केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढे कण हवेत, म्हणायच्या. पण बर्नरची काजळी निघायची जाडीभरडी. शेवटी अजिनाथनं भीत भीत आईचं काजळ आणून दाखवलं. त्याची आई पुष्पावती म्हणजे अख्ख्या आळीतल्या पोरांची काजळवाली. एरंडेलाचा दिवा, वर तीन बोटं अंतर ठेवून पालथं तांब्याचं ताट. मॅडमनी ते काजळ बघितलं आणि बर्नर कपाटात गेला. म्हातारीचा रुबाब काय वाढला! शेजारणींना सांगायची, "कालिजात माझ्याबिगर पान हालत न्हाई."

कच्चं काजळ पाण्यावर तरंगतं. मॅडम ते ॲसिडात उकळायच्या, मग ते पाण्यात मिसळायचं आणि तेव्हाच बॅटरीत चालायचं. सोमवारी विद्यापीठाची माणसं येणार होती. त्यांच्यासमोर बॅटरीवर दिवा लागला नाही तर संशोधन बंद. आणि शुक्रवारी उकळलेलं काजळ खुशाल तरंगत बसलं! मॅडम ॲसिडाला दोष देत राहिल्या. अजिनाथनं डबीतलं चिमूटभर बोटांत चोळलं. बुळबुळीत. तूप!

सांगावं तर आईचा मान जातो, न सांगावं तर मॅडमची चार वर्षं. त्यानं सांगून टाकलं. मॅडम तशाच त्याच्याबरोबर घरी आल्या.

"आये, तूप घातलंस?"

"मग? मोटी मान्सं येनार. कोरडं काजळ डोळ्याला टोचतंय."

"बॅटरीला डोळं न्हाईत, आये!"

म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. मॅडम तिच्याशेजारी सारवलेल्या भुईवर बसल्या. "काकू, या खेपेला कोरडंच द्या. तुमच्यासारखं मला जमत नाही."

वारं लागू नये म्हणून दार लावून पुष्पावतीनं चार दिवे पेटवले. शनिवारी दुपारी डबी कॉलेजात पोचली. ॲसिडात उकळल्यावर ते काजळ पाण्यात दुधासारखं मिसळलं.

सोमवारी मीटरचा काटा हलला, बोराएवढा दिवा लागला. साहेब लोक लिहून घेत होते. दाराशी उभी असलेली म्हातारी पुढं आली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं मीटरच्या लाकडी पेटीच्या कोपऱ्याला बोटानं काजळाची तीट लावली. "दिष्ट लागंल," म्हणाली. मॅडमचे डोळे भरून आले.

मॅडम पुढं पुण्याला गेल्या. पुष्पावती दोन वर्षांनी वारली. प्रयोगशाळेतली धूळ अजून अजिनाथच पुसतो. पेटीचा तेवढा कोपरा सोडून.