तिसऱ्या रांगेतला वन्स मोअर

नाटक करणाऱ्यांपेक्षा नाटक बघणाऱ्यांचेच किस्से जास्त साठतात, असं माझं मत आहे. नट बिचारे पाठ केलेलं बोलतात. प्रेक्षकांची तालीम कोणी घेतलेली नसते!

सत्तर सालच्या आगेमागे आमचं चौघांचं टोळकं धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये कायम तिसऱ्या रांगेत असायचं. एरवी तिथे सिनेमा चाले. संगीत नाटकाची कंपनी दौऱ्यावर आली की मालक एका संध्याकाळपुरता सिनेमा बंद ठेवी. चौघं म्हणजे जिनिंग फॅक्टरीतले आबा, कापडवाले मोतीशेठ, शाळेतले देशमुख मास्तर आणि मी. मी पोस्टात होतो. लोकांची पत्रं वाचायला बंदी होती, बोलणं ऐकायला नव्हती. म्हणून हे सगळं लक्षात राहिलं.

सुरुवात आबांपासून करतो, कारण आवाज त्यांचाच. तीस वर्षं जिनातल्या खडखडाटात माणसांना हाका मारून मारून त्यांचा आवाज कायमचा त्याच मापाचा होऊन बसला होता. घरात ते बायकोकडे मीठ मागत, तेव्हा शेजारीण मीठ घेऊन येई.

एकदा कंपनीतल्या एका नवीन नटीनं पद संपवलं आणि आबा ओरडले, "वन्स मोअर!"

ऑर्गनवाला ताडकन उठून उभा राहिला. तबलजीनं तबला उचलून पोटाशी धरला. नटीनं भीत भीत विचारलं, "काय झालं हो?"

"काही नही, ताई," आबा त्याच आवाजात म्हणाले, "गानं भलतं गोड व्हतं!"

तेव्हापासून पद्धतच पडली. धुळ्यात पहिला वन्स मोअर आबांचा, मग बाकीच्यांचा. आबा गप्प राहिले तर पद बेताचंच झालं असं सगळे धरून चालत. देवपुरातल्या एका नव्या वकिलानं एकदा आबांच्या आधी वन्स मोअर दिला. सगळं थिएटर वळून त्याच्याकडे बघायला लागलं. मध्यंतरानंतर त्याची खुर्ची रिकामी होती.

*

मोतीशेठांचं कापडाचं दुकान टॉकीजसमोरच होतं. मूळचे राजस्थानातले, पण नाट्यपदं आमच्यापेक्षा जास्त पाठ.

एका वर्षी कंपनीच्या माणसानं चाळीसगावला गाडी बदलताना पडद्यांची गाठोडी प्लॅटफॉर्मवरच ठेवली. सहाचा प्रयोग, आणि राजाला दरबार नाही! मोतीशेठ उठले, दुकान उघडलं आणि तागेच्या तागे सोडून तासाभरात असा दरबार उभा केला की बघत राहावं. निळ्या भिंती, पिवळं छत, सिंहासनामागे किरमिजी मखमल.

टॉकीजचा पडदा वर गेला. राजानं प्रधानाला विचारलं, "राज्यात सर्व क्षेम आहे ना?"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "मोतीशेठ, त्या निळ्याचा पन्हा केवढा?"

"छत्तीस इंची, काकू!" मोतीशेठ बसल्या जागेवरून म्हणाले. "रंग पक्का. धुऊन बघा."

प्रधान म्हणाला, "सर्व क्षेम आहे, महाराज."

मध्यंतरात दरबाराची डावी भिंत विकली गेली. दुसरा अंक कंपनीनं जंगलातला म्हणून करून टाकला.

*

देशमुख मास्तरांची गोष्ट वेगळी. एकदा कंपनीचा प्रॉम्प्टर तापानं फणफणला. विंगेत उभं राहून नटांना वाक्यं सांगायला शिकलेला माणूस हवा, म्हणून मॅनेजर मास्तरांना घेऊन गेला.

पहिल्याच प्रवेशात सेनापती अडला. त्यानं हळूच विंगेकडे बघितलं. मास्तरांच्या हातात पुस्तक उघडं होतं.

"आठवा," मास्तर म्हणाले.

सेनापतीनं घाम पुसला.

"काल पाठ केलं होतं ना? 'श' पासून आहे."

"शत्रू," सेनापती म्हणाला.

"शाब्बास. शत्रू काय करतो?"

हे सगळं तिसऱ्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं. पुढे राणीही अडली. तिला मास्तरांनी उभं राहायला सांगितलं. ती उभीच होती! नंतर आम्ही विचारलं, मास्तर, सरळ वाक्य का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सांगून टाकलं तर त्यांना कधीच येणार नाही."

*

आता बुवांचं सांगतो.

बुवा म्हणजे त्या कंपनीचे मुख्य गाणारे नट. राज्य सोडून निघालेल्या राजाचं पद ते तिसऱ्या अंकात म्हणत आणि संपलं की वर केलेला हात तसाच ठेवून आमच्या रांगेकडे बघत. आबांचा वन्स मोअर आला की हसून पुन्हा सुरू करत. "हार-तुरे राहू द्या," ते म्हणायचे, "आबांचा आवाज आला की धुळ्याला पोचलो असं वाटतं."

एका वर्षी मध्यंतरात मॅनेजर आमच्याकडे आला आणि आबांसमोर हात जोडून उभा राहिला.

"आबा, बुवांचा घसा गेलाय. डॉक्टरांनी गाऊच नका म्हणून सांगितलंय. ते ऐकत नाहीत. ते पद एकदा म्हणतील, एवढाच आवाज उरलाय. तुम्ही वन्स मोअर दिलात तर ते नाही म्हणायचे नाहीत, आणि परवा जळगावच्या प्रयोगाला त्यांच्या तोंडून शब्द फुटणार नाही. मी सांगितलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका."

आबांनी खिशातून पानाची पुडी काढली.

"जाय भाऊ," ते म्हणाले. "नही देवाव मी."

आणि स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून दोन विडे एकदम तोंडात कोंबून बसले.

तिसरा अंक आला. बुवांचा आवाज थकलेला होता. वरच्या सुराला गळ्याची शीर न् शीर दिसली, पण सूर लागला. मला रडू आलं. लपवत नाही.

पद संपलं. बुवांचा हात वर. सगळं थिएटर आबांकडे बघतंय, आणि आबा आपल्या चपलांकडे! आबा गप्प, म्हणून सगळे गप्प. साधी टाळीसुद्धा वाजेना.

बुवांचा हात हळूहळू खाली आला. ते पुढे येऊन दिव्यांच्या उजेडाआड डोळे बारीक करून बघायला लागले.

"आज आबा आले नाहीत का?"

"आलेत," मास्तर म्हणाले. या वेळी त्यांनी लगेच उत्तर सांगितलं.

"मग आमचं काय चुकलं, आबा?"

आबा उठले. विडे रुमालात काढले. विंगेत मॅनेजर पुन्हा हात जोडून उभा होता. आबांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बुवांकडे.

"चुकनं काहीच नही, बुवा," ते त्यांच्या त्या जिनातल्या आवाजात म्हणाले, "मना डोया लागी ग्या व्हता."

मागे कोणीतरी "अरेरे" म्हणालं. आबांना नाटकात झोप! मोतीशेठ काहीतरी बोलायला निघाले, मी त्यांचा हात दाबला. आबा मान खाली घालून उभेच होते.

बुवा त्यांच्याकडे बघत राहिले.

"झोप लागली होती?" ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही ऐकलंच नाही!"

आणि ऑर्गनवाल्याकडे वळले.

"चला. पहिल्यापासून."