आवडाबायने अडवलेली काडी

बोर्ली पंचतनच्या आसपासच्या आमच्या तीन वाड्यांत गेल्या चाळीस वर्षांत जी पोरं झाली, ती बहुतेक आवडाबायच्या पायांवर न्हायली. पाय लांब करून पाटावर बसायचं, कोपराने पाणी बघायचं, पोर पालथं घालायचं. माझा सिद्धेश तिच्या पायांवर असा ओरडला होता की शेजारचा बैल दावं तोडून पळाला. ते राहू दे. आधी नातीचं सांगतो, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

यंदा सिद्धेशला मुलगी झाली. मला जमिनीवर पाय ठरेना. सहाव्या दिवशी दारात जीप आली. मुंबईच्या कुठल्याशा संशोधन संस्थेची दोघं उतरली. हेमांगी नावाच्या मुलीच्या हातात कापूस लावलेल्या काड्यांचा डबा, मितेशच्या काखेत फायली.

"आजोबा, सुई नाही, रक्त नाही," मितेश म्हणाला. "गालाच्या आतून काडी फिरवायची. लाळेतल्या डीएनएवर कोकणातल्या मुलांच्या आजारांचा अभ्यास करायचाय."

माझी सून मनाली मागच्या न्हाणीत होती, आवडाबाय तिला न्हाऊ घालत होती. तसं मी सांगितलं.

"मग तुम्हीच करा सही. घरात मोठे तुम्ही."

मोठे म्हटल्यावर मी फुगलो. शिकलो गावच्या शाळेत सातवीपर्यंतच, पण अक्षर असं की गुरुजी माझी पाटी वर्गभर फिरवायचे. ऐटीत पूर्ण नाव लिहिलं. कागद मात्र वाचला नाही.

"आता तासभर दूध नको," हेमांगी म्हणाली. "दुधातून आईचा डीएनए मिसळतो."

नात रडायला लागली. आवडाबाय हात पुसत बाहेर आली. मी कौतुकाने सगळं सांगितलं.

"बुधाजी, तोंड कुणाचं? तुजं?"

"अगं, संशोधन हाय."

"असंल. आईला इचारलं?"

मी नातीला थोपटायला लागलो.

"सहा दिसांचं पोर उपाशी ठेवून बसलास, आन् आई सात पावलांवर."

तिने पोर उचललं आणि मनालीच्या कुशीत दिलं. मितेशने घड्याळ पाहिलं. "आता परत तासभर थांबावं लागेल."

"थांबा की. चा घ्या."

पन्नास मिनिटं झाली की आवडाबाय पोरीच्या तळपायाला हळूच टिचकी मारायची. पोर जागी, पुन्हा दूध, पुन्हा तास. असं तीनदा झालं. मितेशचा चहाही तीनदा झाला.

"तवर कागद वाच, बुधाजी. सुनंसमोर. मोठ्यान्."

वाचत गेलो तसे माझे कान तापले. नमुना वीस वर्षं ठेवणार. दुसऱ्या संस्थांनाही देणार. निकाल घरच्यांना कळवणार नाहीत. आणि माझी ती सुरेख सही होती कुठे, तर 'आईची संमती' या ओळीवर.

"हे चालतं?" मनालीने विचारलं.

"बऱ्याच घरी असंच होतं, मॅडम. बाळाला काही दुखत नाही."

"मलाबी दुखलं न्हवतं," आवडाबाय म्हणाली. "भूल दिली व्हती."

तिच्या तरुणपणी शाळेत नसबंदीचं शिबिर भरलं होतं. नवऱ्याने अंगठा दिला आणि तिची मुलं बंद झाली. पुढे एकुलती मुलगी तापाने गेली. पन्नास वर्षांत ती हे माझ्यासमोर पहिल्यांदा बोलली, तेही आवाज न चढवता. गावाची पोरं जिच्या पायांवर न्हायली, तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि मी, तिला बहीण मानणारा, माझ्याच घरात तेच करून बसलो होतो.

"फॉर्म ठेवून जा," मनाली म्हणाली. "अभ्यासाला माझी ना नाही. मी वाचीन, सिद्धेशशी बोलेन, मग कळवीन. आज काडी लागणार नाही."

"पण आजोबांची सही झालीय."

"आणा ती इकडं," मी म्हटलं. सहीवर आडवी रेघ मारली आणि खाली त्याच अक्षरात लिहिलं, 'आईला विचारले नव्हते.'

हेमांगीने खाली मान घालून डबा मिटला. मितेशने यादी पाहिली. "पुढचं घर क्रांतीचं. बाळ बारा दिवसांचं."

आवडाबायने पदर खोचला. जीपला तळ्याला वळसा घालून जावं लागतं. आवडाबाय जवळच्या वाटेने, बांधावरून निघाली.