पाव्हण्यांची बढाई

नळ आला की ड्रमात पडणाऱ्या पाण्याच्या आवाजानं मला यवतमाळातली ती भाड्याची खोली आठवते. आम्ही दोघं ती पाहायला गेलो तेव्हा घरमालकीण काकूंवर छाप पाडायला मी म्हणालो, "आमच्या घरून पाव्हणा कधी हटत नाही!" काकूंनी अंगणातल्या ड्रमाकडे बोट दाखवलं. "नळ आठ दिवसानं येते, बाबू. दुसरी खोली पाहा." पोरीची शाळा सोमवारी उघडणार होती आणि आम्हाला परवडणारी हीच एक खोली सापडली होती. मी नुसता रुमालाची घडी घालत नि मोडत बसलो. तेवढ्यात बायको म्हणाली, "काकू, यांच्या गप्पा आयकून पाव्हणे चहाच्या आधीच पळतात." काकू हसल्या, किल्ली मिळाली. फाटकाबाहेर बायको जे कुजबुजली, ते मी अजून पाळतो : "परवा तुमची माय मारेगावहून राहाले येणार हाय. काकूले काय सांगाचं ते मी पाहीन. तुम्ही फक्त बोलू नोका."