आतली कडी

दुपारी साडेतीनला घरी आले की मी आधी स्वतःच्याच दारावर टकटक करते. आत कोणी नसतं. आई जाऊन दोन वर्षं झाली. तरी टकटक करते, कान लावते आणि मगच चावी फिरवते. समोरच्या काकू एकदा म्हणाल्या, "अगं, आत कोण बसलंय तुला उघडायला?" मी फाडकन बोलले, "तुम्हाला काय करायचंय?" मग दिवसभर चुटपुट लागली. पण आतली कडी सरकल्याचा आवाज मला येतो, अगदी स्पष्ट येतो, हे त्यांना कसं सांगायचं?

आमचं घर दिंडोशीच्या कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी कानस हातात घेतली आणि पार्ल्याला स्टेशनबाहेर चाव्या करायला बसले. त्यामुळे आमच्या दाराचे लाड फार. मधोमध लॅच, आतून वर पितळी कडी, आणि बाहेरून कडी-कोयंड्यात भलंमोठं कुलूप. एकदा त्यांनी जुनं कुलूप खोलून दाखवलं होतं. पोटात एकावर एक पातळ पट्ट्या. चावीच्या खाचांनी प्रत्येक पट्टी नेमकी तेवढीच उचलली गेली पाहिजे. एखादी जरा जास्त उचलली, तरी सगळं अडलं. "चोर कुलपाला घाबरत नाही गं," बाबा म्हणायचे, "वेळ जातो त्याला घाबरतो. पट्ट्या जास्त, तेवढा त्याचा वेळ जास्त."

लॅचचं मात्र त्यांना कौतुक. त्याची जीभ एका बाजूने तिरकी, मागे स्प्रिंग. दार ओढलं की आपोआप बसते. बाहेरून चावीशिवाय हलत नाही आणि आतून नुसती मूठ फिरवली की उघडते. बाहेरच्याला अवघड, आतल्याला सोपं, असं दार असावं म्हणायचे. आत माणूस असताना बाहेरून कुलूप घालणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "कोंबड्या पाळल्यात काय?"

मी पाळली. बाबा गेल्यावर आईचं विसरणं वाढत गेलं आणि लॅचचा तो गुणच आमच्या मुळावर आला. मी लॅबमध्ये रक्त तपासत बसायची आणि ही मूठ फिरवून बाहेर. एकदा कोर्टाच्या गेटशी सापडली, अनवाणी, मालवणची एसटी कुठून सुटते ते वकिलांना विचारत होती. दुसऱ्यांदा हायवेच्या दुभाजकावर. दोन्ही बाजूंनी ट्रक. सांभाळायला ठेवलेली बाई महिन्यात पळाली. नोकरी सोडली असती तर खाल्लं काय असतं? शेवटी सिलेंडर बंद केला, एक चावी काकूंकडे दिली आणि सकाळी सव्वासहाला बाहेरून कुलूप घातलं. जिना उतरताना बाबांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

वरची पितळी कडी काढून टाकायला हवी होती. कळत होतं मला. पण ती बाबांनी हाताने घासूनपुसून बसवलेली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोनदा स्टुलावर चढले आणि दोनदा उतरले. मूर्खपणा, दुसरं काय!

एका दुपारी आले, कुलूप काढलं, लॅच उघडलं, ढकललं. दार हललं नाही. वरची कडी आतून लागलेली.

"आई, मी आहे गं. कडी काढ."

मग अगदी दाराजवळून आवाज आला, "कोण पाहिजे तुम्हाला?"

आई माझ्याशी आयुष्यभर मालवणीत बोलली. जेवलंस गो, खंय गेल्लंस गो. ही शुद्ध मराठी, हे 'तुम्ही', तिने परक्यांसाठी राखून ठेवलेलं. मीटर बघायला येणाऱ्यांसाठी, डॉक्टरांसाठी.

"आई, मीच गं! तुझी मुलगी!"

"माझी मुलगी कामाला गेली आहे. तिच्याकडे चावी आहे. तुम्ही नंतर या."

मी दारावर थापा मारल्या, ओरडले. ओरडायला नको होतं. आत ती घाबरली. रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला इथे रोज कोणीतरी कोंडून जातं हो. तुम्हीच का त्या?"

काकू दार उघडून उभ्या होत्या. त्यांच्याकडच्या चावीचा काय उपयोग? मी पायरीवर बसले. जाळीतून पलीकडच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघत तासभर बसले. बोलले नाही, कारण माझा आवाज ऐकला की ती आणखी घाबरायची. आत ती पडली तर? दार तोडायला कोणाला बोलवायचं? सुताराचा नंबर शोधत होते, तेवढ्यात वरची कडी खट्टकन सरकली. दार फटीएवढं उघडलं.

"इलंस गो?" आई हसली. मला आत ओढलं, दार लोटलं आणि कुजबुजली, "एक बायल इल्ली. कितक्या बडवल्यान दार! मी काय उघडूक नाय."

"बरं केलंस," मी म्हटलं. ती खूश झाली, घर राखल्यासारखी. मी तिला चहा-बिस्किटं दिली आणि मग स्टुलावर चढले. या वेळी उतरले नाही. चारही स्क्रू काढले. आई खाली उभी राहून बघत होती. कडी माझ्या हातात आली तेव्हा तिने माझा कुर्ता धरला.

"आणि ती परत इली तर गो?"

मी कडी घेऊन स्टुलावरून उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला दार बडवणारी ती बाई चपला घालून बाहेर पडली आणि तिने कुलूप लावलं.